दोन वर्षांच्या फटीत वाढलेली गाठ : नॉर्वेतल्या मॅमोग्राफीचं एक प्रकरण

बाई ५८ वर्षांची आहे असं धरू. घरी पत्र आलं, त्यात दिवस, वेळ, केंद्राचा पत्ता. ती गेली. दोन्ही स्तनांचे दोन-दोन कोनांतून एक्स-रे काढले गेले; हीच मॅमोग्राफी. दोन रेडिओलॉजिस्टनी ते एकमेकांचं मत न पाहता तपासले. काही दिवसांनी उत्तर आलं : काही आढळलं नाही, पुढचं बोलावणं दोन वर्षांनी. आठ महिन्यांनंतर तिच्या स्वतःच्याच हाताला गाठ लागली. बायोप्सीत कॅन्सर निघाला. आकार २२ मिलिमीटर.

ही बाई मी कल्पनेतली घेतली आहे, पण प्रकार रोजचा आहे. नॉर्वेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासलेल्या दर हजार बायकांमागे सुमारे पाच-सहा कॅन्सर तपासणीत सापडतात, आणि दोनाच्या आसपास कॅन्सर 'सगळं ठीक' असा अहवाल मिळाल्यानंतर, पुढच्या तपासणीची वेळ येण्याआधीच डोकं वर काढतात. यांना इंटरव्हल कॅन्सर म्हणतात. घरचे विचारतात ते साहजिकच असतं : तेव्हा गाठ होती का? होती तर दिसली कशी नाही? वर्तमानपत्रं हाच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारतात.

एका बाईपुरतं याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. अशा हजारो बायकांचे आकडे एकत्र मांडले तर मात्र बरंच काही हाती लागतं. हाराल्ड वेडन-फेकियेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. १९९५ ते २००२ या काळातल्या ५० ते ६९ वयाच्या ३,९५,१८८ नॉर्वेजियन बायकांची माहिती घेऊन त्यांनी २००८ साली स्तनातल्या गाठीच्या वाढीचा वेग आणि मॅमोग्राफीची नजर या दोन्हींचा एकत्र अंदाज बांधला. हे प्रकरण त्या हिशेबाचं आहे. इंटरव्हल कॅन्सर हा तपासणीवरचा ठपका समजला जातो. या हिशेबात तोच सगळ्यात मोलाचा पुरावा ठरतो.

वाढ बघायची कुठून?

अडचण मुळातच आहे. गाठ सापडली की ती काढतात; 'जरा थांबा, किती वाढते ते मोजू' असं कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. उपचार न झालेल्या रुग्णांची जुनी नोंद आहे ती लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलची : १८०५ ते १९३३ या काळातल्या २५० बायका. लक्षणं सुरू झाल्यापासून त्यांतल्या निम्म्या २.७ वर्षांच्या आत दगावल्या. पण ही नोंद गाठ हाताला लागल्यानंतरच्या काळाची आहे. त्याआधी आत काय चाललं होतं, यावर ती काहीच सांगत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या फिल्म काढून पाहणं. आज गाठ दिसते आहे, तर दीड वर्षापूर्वीच्या एक्स-रेवर तिची खूण होती का? काही जणींत असते, आणि त्यावरून वेग मोजता येतो. अमेरिकेत स्प्रॅट आणि मंडळींनी असे मोजून काढले. फक्त या मार्गाने येणारे नमुने निवडक असतात. दोन फिल्मवर दिसूनही मधल्या काळात जिने बाईला डॉक्टरकडे धाडलं नाही अशी गाठ बहुधा संथच असणार. झपाट्याने वाढणारी गाठ या यादीत येतच नाही. तरी स्प्रॅट यांच्या कामातून एक गोष्ट मिळाली : वाढीच्या रेषेचा आकार. गाठ सुरुवातीला भराभर दुप्पट होते आणि मोठी होत जाते तशी मंदावते. नॉर्वेच्या गटाने हाच आकार उचलला.

इथे एक साधा हिशेब मनात ठेवलेला बरा. एका पेशीची रुंदी ढोबळमानाने मिलिमीटरचा शंभरावा भाग. १० मिलिमीटरची गाठ म्हणजे रुंदीत हजारपट, आकारमानात अब्जपट. अब्जपट व्हायला दुपटीने साधारण ३० फेऱ्या लागतात. १० मिलिमीटरवरून २० वर जायला त्यापुढे फक्त तीन. म्हणजे आपण ज्याला 'लवकर सापडला' म्हणतो त्या गाठीचं बहुतेक आयुष्य उलटून गेलेलं असतं. मॅमोग्राफीला मिळते ती शेवटच्या काही फेऱ्यांची झलक, आणि या शेवटच्या फेऱ्या किती महिन्यांत उरकतात यावर सगळा खेळ आहे.

नॉर्वेच का

हा हिशेब कुठल्याही देशात जमला नसता. नॉर्वेत १९५० च्या दशकापासून प्रत्येक कॅन्सर राष्ट्रीय नोंदणीत कळवणं बंधनकारक आहे. प्रत्येक माणसाला अकरा आकडी ओळख क्रमांक आहे. त्यामुळे तपासणी केंद्रावरची 'काही नाही' ही नोंद आणि दोन वर्षांनी एखाद्या हॉस्पिटलातून आलेला 'कॅन्सर आहे' हा अहवाल एकाच बाईचे आहेत, हे नक्की कळतं.

शिवाय कार्यक्रम एकदम देशभर सुरू झाला नाही. १९९५ च्या अखेरीस आकेर्सहुस, ओस्लो, रोगालान्द आणि होर्दालान्द या चार परगण्यांत सुरू झाला आणि उरलेल्या परगण्यांत पोचायला जवळपास दहा वर्षं लागली. सरकारने हे काही संख्याशास्त्रज्ञांच्या सोयीसाठी केलं नव्हतं. यंत्रं, तंत्रज्ञ आणि पैसा एकदम उभा राहत नाही एवढंच. पण त्यातून तुलनेला आयता गट मिळाला. एका परगण्यात तपासणी चालू, शेजारच्या परगण्यात त्याच वयाच्या बायका अजून वाट पाहताहेत. पुढे जे वाद झाले ते सगळे याच आयत्या गटाभोवती झाले, त्याकडे येतोच.

जुना हिशेब कुठे अडला

त्याआधी वर्षानुवर्षं वापरात होता तो तीन पायऱ्यांचा ढाचा. पहिली पायरी : कॅन्सर नाही, किंवा असला तरी यंत्राला दिसण्याइतका नाही. दुसरी : यंत्राला दिसेल, पण बाईला अजून जाणवत नाही. तिसरी : लक्षणं दिसली. दुसऱ्या पायरीवर गाठ सरासरी किती काळ रेंगाळते ते काढायचं, आणि त्या काळात तपासणी झाली तर यंत्र ती पकडण्याची शक्यता किती ते काढायचं. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या चाचणीपासून स्वीडनच्या १९७७ च्या दोन परगण्यांच्या चाचणीपर्यंत, सगळ्यांच्या आकड्यांवर या ना त्या रूपात हाच ढाचा बसवला गेला.

नॉर्वेच्या आकड्यांवर तो बसवला तेव्हा उत्तर आलं : पन्नाशीतल्या बायकांत दुसऱ्या पायरीवरचा सरासरी मुक्काम ६.१ वर्षं, साठीतल्या बायकांत ७.९ वर्षं, आणि यंत्राची पकड अनुक्रमे ५५ आणि ६० टक्के. आकडे एकमेकांशी भांडतात ते बघा. गाठ सहा-सात वर्षं दिसण्याजोगी असते, आणि तरीही दोन निष्णात डॉक्टरांना ती दर दहांतल्या चार वेळा दिसत नाही?

गोम ढाच्यात आहे. तो आकार विचारातच घेत नाही. दुसऱ्या पायरीवरची ४ मिलिमीटरची गाठ आणि १८ मिलिमीटरची गाठ त्याच्या लेखी सारखीच, दोन्ही दिसण्याची शक्यता एकच. आणि पायरी ओलांडण्याची शक्यता दर महिन्याला तेवढीच, मग ती गाठ तिथे काल आलेली असो की पाच वर्षांपूर्वी. गणिताला हे सोयीचं आहे, शरीरात असं होत नाही.

उलटा सिनेमा

नव्या पद्धतीत सुरुवात शेवटाकडून होते. तपासणी सुरू होण्याआधीच्या वर्षांत बायका आपापल्या तक्रारी घेऊन डॉक्टरकडे येत, तेव्हा गाठी केवढ्या असत याची नोंद आहे. कुणाची १५ मिलिमीटर, कुणाची २५, कुणाची ५०. हे झालं शेवटचं दृश्य. आता सिनेमा उलटा फिरवायचा. जी बाई २००० साली २५ मिलिमीटरची गाठ घेऊन आली असती, तिची गाठ १९९८ साली केवढी असेल? वेगावर अवलंबून. वेग सगळ्यांचा एक नाही, म्हणून प्रत्येक गाठीला वेगळा वेग द्यायचा आणि त्या वेगांच्या पसाऱ्याला एक ठरावीक घडण द्यायची, ज्यात बरेच वेग मधोमध आणि दोन्ही बाजूंना लांब शेपट्या. दिसण्याची शक्यताही आकारानुसार चढत जाणारी धरायची.

एवढं ठरलं की १९९८ च्या तपासणीत किती गाठी सापडायला हव्यात, कोणत्या आकाराच्या, आणि पुढच्या दोन वर्षांत दर महिन्याला किती इंटरव्हल कॅन्सर यायला हवेत, हे सगळं कागदावर काढता येतं. मग खरे आकडे शेजारी ठेवायचे. जुळत नसतील तर वेगाची घडण बदला, नजरेची रेषा बदला, पुन्हा काढा. जुळेपर्यंत.

वेग आणि नजर ही दोन्ही अज्ञात असताना ती वेगळी कशी काढता येतात, हा रास्त प्रश्न आहे. एक इंटरव्हल कॅन्सर दोन कारणांनी होऊ शकतो : गाठ मोठी होती पण नजरेतून सुटली, किंवा गाठ तेव्हा नगण्य होती आणि नंतर उसळली. तपासणीनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांत येणाऱ्यांत सुटलेल्यांचा भरणा जास्त. वीस-बावीस महिन्यांनी येणाऱ्यांत नव्याने वाढलेल्यांचा. म्हणून एकूण किती आले यापेक्षा कोणत्या महिन्यात किती आले, ही रेषा बोलकी असते. त्याला तपासणीत सापडलेल्या गाठींच्या आकारांची जोड दिली की गुंता सुटतो.

उत्तर आलं ते असं. १० मिलिमीटरवरून २० वर जायला गाठीला सरासरी १.७ वर्षं लागतात, आणि वय वाढेल तसा हा काळही वाढतो. पण पाच टक्के गाठी हे अंतर १.२ महिन्यांच्या आत कापतात आणि दुसऱ्या टोकाच्या पाच टक्क्यांना ६.३ वर्षांहून जास्त लागतात. यंत्राची पकड ५ मिलिमीटरच्या गाठीसाठी २६ टक्के, १० मिलिमीटरच्या गाठीसाठी ९१ टक्के. तीन पायऱ्यांच्या ढाच्यापेक्षा हा हिशेब खऱ्या आकड्यांशी कितीतरी जास्त जुळला. भाकिताची ताकद ८५ टक्क्यांनी वाढली, असं लेखकांनी नोंदवलं आहे. डॉक्टरांच्या नजरेवरचा तो ५५ टक्क्यांचा डागही पुसला गेला. नजर चांगलीच आहे, फक्त ५ आणि १० मिलिमीटरच्या मधे तिची सीमा आहे.

सरासरीच्या आड

मला यातला १.७ वर्षांचा आकडा जरा दगाबाज वाटतो. तो वाचला की वाटतं, दोन वर्षांचं अंतर अगदी मापून बेतलेलं आहे. पण दोन टोकांचे आकडे घेऊन वेगांच्या घडणीतला मधला बिंदू काढला (१.२ महिने आणि ७५.६ महिने यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ), तर तो साडेनऊ महिन्यांच्या आसपास येतो. म्हणजे निम्म्या गाठी १० वरून २० मिलिमीटरवर साडेनऊ महिन्यांच्या आतच जातात. सरासरी १.७ वर्षं होते ती संथ गाठींच्या लांब शेपटीमुळे.

आता सुरुवातीची ती बाई घेऊ. आठ महिन्यांनंतर २२ मिलिमीटर. तिची गाठ या मधल्या वेगाची असती, तर तपासणीच्या दिवशी ती सुमारे १२ मिलिमीटरची असती. (इथे मी वाढ शेवटपर्यंत एकाच दराने धरली आहे. खऱ्या रेषेत लहान गाठ जास्त वेगाने वाढते, म्हणून हे आकडे ढोबळच समजावेत.) १२ मिलिमीटरची गाठ या हिशेबानुसार शंभरात दोनदाच सुटते. उलट, ती त्या दिवशी ५ मिलिमीटर किंवा कमी होती असं धरलं, तर तिला चार महिन्यांच्या आत रुंदी दुप्पट करावी लागली असणार. इतक्या किंवा त्याहून जास्त वेगाच्या गाठी किती? त्याच घडणीतून काढलं तर पाचांतली एक, किंवा किंचित जास्त.

दोन शक्यता समोरासमोर ठेवल्या की कल कुठे जातो ते दिसतं. 'डॉक्टरांनी चक्क डोळ्यांसमोरची गाठ सोडली' ही दुर्मीळ गोष्ट; 'गाठ वेगाची होती' ही मुळीच दुर्मीळ नाही. अर्थात हा कल समूहाचा आहे. दाट ऊती असलेल्या स्तनांत १५ मिलिमीटरची गाठही पांढऱ्यावर पांढरी होऊन लपते, आणि त्या बाईच्या फिल्मवर काय होतं ते फिल्म पाहूनच कळेल. मागाहून फिल्म पाहणाऱ्याला गाठ कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं, हेही विसरता येत नाही.

सगळ्यात वेगवान पाच टक्क्यांचं काय? ५ मिलिमीटर ते २० मिलिमीटर हा पट्टा धरा : त्याखाली यंत्राला फारसं दिसत नाही, त्यावर बाईच्याच हाताला लागते. रुंदी १.२ महिन्यांत दुप्पट होत असेल तर हा पट्टा २.४ महिन्यांत संपतो. तपासणी २४ महिन्यांतून एकदा. म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यात गाठ असताना तपासणी होण्याची शक्यता दहांत एक. यंत्र कितीही सुधारा, हा आकडा फार हलणार नाही. संथ पाच टक्क्यांना तोच पट्टा ओलांडायला साडेबारा वर्षं, म्हणजे सहा तपासण्या. त्या सुटणं अशक्यच.

दोन्ही जातींच्या गाठी वर्षाला सारख्याच संख्येने उगवतात असं धरलं, तरी कुठल्याही एका दिवशी या पट्ट्यात वेगवान एक असेल तेव्हा संथ ६३ असतील. जंक्शनवर अवेळी जाऊन पाहिलं तर फलाटावर उभी दिसते ती बहुधा जास्त वेळ थांबणारी गाडी, तसं हे. तपासणीत सापडलेल्या कॅन्सरचे रुग्ण जास्त जगतात, हे वाक्य म्हणूनच फार जपून वाचायला हवं. त्यांत मुळातच संथ गाठींची गर्दी असते. त्यात आणखी भर म्हणजे निदानाची तारीख आधी सरकते. मृत्यू त्याच दिवशी झाला तरी 'निदानानंतर जगलेली वर्षं' वाढलेली दिसतात. 'आमच्या केंद्रात सापडलेल्यांपैकी इतके टक्के पाच वर्षांनंतरही ठणठणीत' अशा जाहिराती आपल्याकडेही दिसतात. त्या खोट्या नसतात, पण त्यातून तपासणीचा उपयोग सिद्ध होत नाही.

न वाढणाऱ्या गाठी

या हिशेबात एक गृहीत आहे आणि ते बिनबोभाट आहे : प्रत्येक गाठ वाढतच राहते. कुणी जोरात, कुणी सावकाश, पण थांबत कुणीच नाही, मागे तर नाहीच. सिनेमा उलटा फिरवायचा तर शेवटचं दृश्य लागतं, आणि जी गाठ कधीच बाईला डॉक्टरकडे घेऊन जाणार नाही तिला शेवटचं दृश्यच नाही. ती या हिशेबाच्या बाहेर राहते.

त्याच २००८ साली, त्याच नॉर्वेच्या नोंदींवरून पेर-हेन्रिक साल, यान मेलेन आणि अमेरिकेतले गिल्बर्ट वेल्च यांनी नेमकं या गृहीतावर बोट ठेवलं. त्यांनी दोन गट घेतले. एका गटाला सहा वर्षांत दर दोन वर्षांनी अशा तीन तपासण्यांची बोलावणी गेली. दुसरा गट थोड्या आधीच्या काळातला, त्याच वयाचा. त्याला सहा वर्षांच्या शेवटी एकच तपासणी मिळाली. सगळ्या गाठी टिकून राहत असतील, तर शेवटच्या एका तपासणीत दुसऱ्या गटाचा मागचा सगळा साठा सापडून हिशेब बरोबरीला यायला हवा. तो आला नाही. तीन तपासण्यांच्या गटात लाखामागे १९०९ आक्रमक (म्हणजे आजूबाजूच्या ऊतींत शिरलेले) कॅन्सर, एका तपासणीच्या गटात १५६४. म्हणजे पहिल्या गटात २२ टक्के जास्त. लेखकांनी म्हटलं, यातल्या काही गाठी आपोआप विरून गेल्या असाव्यात.

यावर गदारोळ होणारच होता. आक्षेप घेणारे म्हणाले, दोन गट वेगवेगळ्या वर्षांतले आहेत, आणि नव्वदच्या दशकात नॉर्वेत पाळी गेलेल्या बायकांत हार्मोनच्या गोळ्यांचा वापर झपाट्याने वाढत होता, ज्याने स्तनांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. शिवाय एक तपासणी सगळा साठा उपसू शकत नाही; ५ मिलिमीटरच्या चार गाठींपैकी तीन ती सोडतेच. दोन्ही आक्षेपांत दम आहे. पण ते दोन्ही मिळून पूर्ण २२ टक्के गिळतात असं मला पटत नाही. विरून जाण्याची गोष्ट बाजूला ठेवली, तरी इतक्या संथ गाठी, की बाई दुसऱ्याच कशाने तरी म्हातारपणी जाईल, त्या असणारच. वेगांच्या घडणीची ती लांब शेपटी हेच सांगते आहे. साडेसहा दशकं जगलेल्या बाईच्या स्तनातली ६ मिलिमीटरची अतिसंथ गाठ शोधून काढणं हे यश म्हणायचं की नसतं झेंगट मागे लावणं? मेटे कालागेर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली नॉर्वेतल्या अशा अनावश्यक निदानांचं प्रमाण १५ ते २५ टक्के काढलं. प्रत्येक अनावश्यक निदानामागे एक खरी शस्त्रक्रिया असते, बहुधा रेडिएशनही.

मृत्यू किती टळले यावरही त्याच देशातून दोन उत्तरं आली. कालागेर यांच्या गटाने २०१० साली दाखवलं की तपासणी चालू असलेल्या परगण्यांत स्तनांच्या कॅन्सरचे मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. पण तपासणी पोचली नव्हती तिथेही याच काळात १८ टक्क्यांनी घटले होते, सुधारलेल्या उपचारांमुळे. तपासणीच्या खात्यावर जमा होतात ते उरलेले १० टक्के. २०१४ साली वेडन-फेकियेर आणि सहकाऱ्यांनी जास्त लांबचा काळ घेऊन, बोलावण्याच्या आधीच निदान झालेल्या बायका बाजूला काढून मोजलं, तर बोलावलेल्या बायकांत घट २८ टक्के आली. ३६८ बायकांना बोलावलं की एक मृत्यू टळतो, असा त्यांचा हिशेब. १० आणि २८ यांत फरक मोठा आहे, पण कुणी लबाडी केली असं नाही. तपासणीचा फायदा यायला वर्षं लागतात, आणि २०१० च्या अभ्यासाकडे तेवढी वर्षं नव्हती. वाढीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला तर हे अपेक्षितच होतं : मध्यम वेगाची गाठ आज काढली तर तिच्यामुळे होणारा मृत्यू पाच-दहा वर्षांनी टळायचा असतो.

मुंबईच्या वस्त्यांत

याच काळात मुंबईत टाटा मेमोरियलची एक मोठी चाचणी चालू होती. १९९८ साली सुरू झाली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. मॅमोग्राफी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या, अशा चार फेऱ्या. दुसऱ्या गटाला कॅन्सरविषयी माहिती दिली आणि दोन्ही गटांवर लक्ष ठेवलं. वीस वर्षांनंतरचा निकाल २०२१ साली आला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर. मृत्यूंत १५ टक्के घट, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशीपुढच्या बायका वेगळ्या काढल्या तर घट सुमारे ३० टक्के, आणि ती कसोटीला उतरली. वेगळं काढण्याची कल्पना मागाहूनची होती, त्यामुळे या शेवटच्या आकड्यावर घाईने इमारत बांधू नये.

तरी नॉर्वेचा हिशेब इथे लावून पाहण्याचा मोह होतो. प्रशिक्षित हाताला १५ मिलिमीटरची गाठ लागते आणि बाई स्वतःहून ३० मिलिमीटरला येते असं धरू. दोन्ही आकडे माझे, सोयीचे. मधल्या वेगाच्या गाठीला हे अंतर कापायला साडेनऊ महिने. दोन वर्षांतून एकदा हात फिरला तर दहांतल्या चार गाठी या पट्ट्यात सापडतील. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या बायकांची अशी तपासणी पाच वर्षांतून एकदा करायला सांगितली आहे. पाच वर्षांतून एकदा म्हणजे सहांतली एक. तेही पन्नाशी-साठीतल्या नॉर्वेजियन बायकांचा वेग धरून. वय कमी तसा वेग जास्त, असं तोच अभ्यास सांगतो, आणि आपल्याकडे चाळिशीतल्या रुग्णांचं प्रमाण युरोपपेक्षा जास्त आहे. मुंबईतला फायदा पन्नाशीपुढे दिसला आणि पन्नाशीच्या आत दिसला नाही, ते या हिशेबाशी जुळतं. जुळतं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. तरुण वयातले कॅन्सर इतरही अनेक बाबतींत वेगळे असतात.

आपल्या बायकांच्या गाठींचा वेग आपण स्वतः मोजायला हवा, आणि त्याला फार महागडी सामग्री लागत नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची, देशातली पहिली. ग्रामीण भागातली पहिली नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला सुरू झाली. पण नोंदणीत नाव येतं ते कॅन्सर झालेल्या बाईचं. हिशेबाला त्याच्या इतकीच गरज आहे ती शिबिरात तपासून 'काही नाही' म्हणून घरी पाठवलेल्या बाईची : तारीख, वय, कुणी तपासलं. ही ओळ आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात लिहिली जाते आणि पान उलटलं की पुन्हा कुणी पाहत नाही. पुढे त्याच बाईचं नाव बार्शीच्या किंवा मुंबईच्या नोंदणीत आलं, तर ती ओळ शोधून दोन तारखा शेजारी ठेवायच्या, आणि केसपेपरवर 'गाठ आहे' एवढंच न लिहिता आकार मिलिमीटरमध्ये लिहायचा. नॉर्वेने जे केलं त्यातलं निम्मं काम एवढंच होतं.